हरणाऱ्याने टेबल द्यायचं

रविवार, रात्री उशिरा

कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीतली ती तीन मजली इमारत अखेर पुनर्विकासाला गेली. आज दुपारी तिकडून येताना पाहिलं, चारी बाजूंनी पत्रे लागलेत आणि पत्र्यांवर नव्या टॉवरचं चकचकीत चित्र. त्या इमारतीच्या बेसमेंटमध्ये आमचं पूल पार्लर होतं. पूल आणि स्नूकर, म्हणजे टेबलावरचे गोळे क्यूने, लांब काठीने, कडेच्या पॉकेटमध्ये पाडायचे खेळ. ते बंद पडूनही काही वर्षं झाली. २०२० च्या लॉकडाउनमध्ये शटर ओढलं ते पुन्हा वर गेलंच नाही. तरी इमारत उभी होती तोवर तो जिना होता, जिन्याच्या तोंडाशी रंगवलेला बाण होता. आता तेही जाईल. दुपारपासून दुसरं काही सुचत नाहीये, म्हणून लिहून काढतो.

उतरलं की समोर पूलची टेबलं, आणि मागे पडद्याच्या पलीकडे एकच स्नूकरचं टेबल, पूर्ण मापाचं, बारा फूट बाय सहा फूट. कॉलेजची पोरं पुढे, मुरलेली मंडळी मागे. पुढून मागे जायला कुणाची परवानगी लागत नसे, पण आपण होऊन कुणी जातही नसे. पूलचे गोळे मोठे, ५७ मिलिमीटरचे. स्नूकरचे साडेबावन्न. गोळा लहान, पॉकेटही अरुंद आणि पार दुसऱ्या टोकाला. पुढच्या टेबलावर धडाधड पॉट करणारा, म्हणजे गोळे पॉकेटमध्ये घालणारा, मुलगा पहिल्यांदा मागे गेला की पहिल्या अर्ध्या तासात गप्प व्हायचा.

नियम एकच होता आणि तो भिंतीवर लिहायची कधी गरज पडली नाही: फ्रेम, म्हणजे एक डाव, हरला त्याने टेबलचे पैसे द्यायचे. बाहेरच्या माणसाला हे जुगारासारखं वाटायचं. मला आजही वाटतं की त्या बेसमेंटमधला सगळा न्याय या एका नियमात होता. शेजारच्या गॅरेजमध्ये कामाला असलेला एक मुलगा संध्याकाळी हात धुऊन यायचा, नखांत ग्रीस तसंच. खिशात जेमतेम एका फ्रेमचे पैसे. इंजिनिअरिंगची चार पोरं एकामागून एक त्याच्याशी खेळायची आणि हरायची. तो रात्री नऊला उठायचा तेव्हा ते पैसे खिशात जसेच्या तसे असायचे. त्याला तिथे सगळे 'भाऊ' म्हणायचे, त्याच्याहून मोठे असलेलेसुद्धा. पुण्यात दुसऱ्या कुठल्या खोलीत त्याला हे मिळालं असतं, मला सांगता येत नाही.

पण आज सगळ्यात जास्त आठवतोय तो बाक. भिंतीलगतचा, पाठ नसलेला लांब लाकडी बाक. शनिवारी संध्याकाळी गेलं की मार्करच्या, म्हणजे टेबलं सांभाळणाऱ्या माणसाच्या, पाटीवर नाव लिहायचं आणि बाकावर बसायचं. तास-दीड तास सहज जायचा. मोबाइल होते, पण त्यात बघण्यासारखं काही नव्हतं आणि बेसमेंटमध्ये रेंजही नव्हती. त्यामुळे समोर जे चाललंय ते बघायचं. मी हा खेळ शिकलो तो टेबलावर फारच थोडा, बाकीचा त्या बाकावर. पॉट कसा केला हे कुणालाही दिसतं. पॉटनंतर पांढरा, म्हणजे क्यूने मारायचा गोळा, कुठे थांबला आणि तो तिथेच का थांबवला, हे दिसायला लागायला कितीतरी शनिवार गेले. तेही आपोआप दिसलं नाही. बँकेतून निवृत्त झालेले एक काका रोज येत. खेळत कमी, बसत जास्त. शेजारी बसून ते अगदी हळू आवाजात सांगायचे, "आता बघ हं, हा काळ्याकडे बघतोय असं तुला वाटतंय. तो काळ्यानंतर घ्यायच्या लालकडे बघतोय." खेळणारा क्यू घेऊन वाकला की काका बोलता बोलता अर्ध्या शब्दावर थांबायचे. शॉट झाला की तिथूनच पुढे. कुणी वाकलेला असताना त्याच्या समोर हलायचं नाही, हे मला कुणी शिकवलं नाही. काकांच्या त्या अर्ध्या शब्दाने शिकवलं.

मार्करना आम्ही सगळे मामा म्हणायचो. सकाळी अकराला कुणी यायच्या आत मामांचं स्नूकरचं टेबल तयार असायचं. मी कधी लेक्चर बुडवून लवकर गेलो तर ते बघायला मिळे. आधी ब्रश, पांढऱ्याच्या बाजूकडून काळ्याच्या बाजूकडे, नेहमी एकाच दिशेने. उलट कधीच नाही. कापडाची लव तशी बसलेली असते, आणि लवेच्या विरुद्ध हळू सोडलेला गोळा सरळ न जाता बाजूला ओढला जातो. मग जड इस्त्री, तीही त्याच दिशेने. इस्त्री टेकवण्याआधी ते ती जुन्या वर्तमानपत्रावर फिरवून बघत, कागद पिवळा पडला तर थांबत. मग एक लाल गोळा हातात घेऊन अगदी सावकाश सोडायचा आणि टेबलाच्या कडेला डोळा लावून तो कुठे वळतो ते बघायचं. कापडाखाली स्लेटच्या पाच लाद्या. जिथे सांधा, तिथे ते बोट फिरवायचे. "इथे बसतोय बघ," म्हणायचे. मला काही कळायचं नाही. त्यांच्या बोटाला कळायचं.

पावसाळ्यात मात्र त्यांचा जीव टेबलात अडकलेला असे. जुलै-ऑगस्टमध्ये बेसमेंटच्या भिंतींना ओल यायची, कापड दमट व्हायचं, गोळे जड चालायचे. मोठ्या स्पर्धांच्या टेबलांना स्लेटखाली हीटर असतात. आमच्याकडे मामा होते आणि एक पंखा होता. दोन-दोन वेळा इस्त्री व्हायची. टेबलावर कुणी ओली छत्री टेकवली तर मामांचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा.

काउंटरमागे काचेखाली एक पिवळं पडलेलं कात्रण होतं, विल्सन जोन्स यांचं. नव्या पोराला मामा ते आवर्जून दाखवत. १९५८ मध्ये कोलकात्यात बिलियर्ड्सचं जागतिक हौशी विजेतेपद मिळवणारा, कुठल्याही खेळातला पहिला भारतीय जगज्जेता, आणि जन्म पुण्याचा, १९२२ चा. १९६४ मध्ये त्यांनी तेच विजेतेपद पुन्हा जिंकलं. २००३ मध्ये जोन्स गेले, आणि त्याच वर्षी अठरा वर्षांचा पंकज अडवाणी स्नूकरचा जागतिक हौशी विजेता झाला. त्याचाही जन्म पुण्याचाच, १९८५ चा. वाढला मात्र बाहेर, घडला बंगळुरात. मामांना हे कळलं त्या दिवशी त्यांनी मागच्या टेबलावरच्या सगळ्यांना चहा पाजला. स्नूकर हा खेळच मुळात आपल्या मातीवर जन्मला, १८७५ मध्ये जबलपूरला इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. त्या मेसमध्ये आमच्यापैकी कुणाला आत घेतलं नसतं. म्हणून तो खेळ आमच्या गल्लीतल्या बेसमेंटपर्यंत येऊन पोचला याचं मला फार मोल वाटतं.

घरी अर्थातच सांगायची सोय नव्हती. 'पार्लरमध्ये बसतो' म्हणजे पोरगा वाया गेला, एवढं समीकरण आमच्या आईच्या आणि तिच्या मैत्रिणींच्या डोक्यात पक्कं होतं. त्यांचं अगदीच चूक होतं असंही नाही. धूर इतका असायचा की दिव्याखाली तो थरथरताना दिसायचा. २००८ च्या २ ऑक्टोबरपासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली, तेव्हा कुठे सिगारेटी जिन्यावर गेल्या. शिव्याही चालायच्या. आणि मुली तिथे येत नसत. एकदा-दोनदा कुणाची तरी बहीण किंवा वर्गातली मैत्रीण आली की सगळा हॉल तिच्याकडे बघायचा आणि ती पुन्हा यायची नाही. ज्या बाकाने मला एवढं दिलं त्या बाकावर निम्म्या शहराला जागा नव्हती. ही खंत खरी आहे.

बंद का पडलं, याला एकच कारण नाही. जागेचं भाडं वाढत गेलं. जेवढ्या जागेत एक स्नूकर टेबल आणि त्याभोवती क्यू फिरवायला मोकळी जागा लागते, तेवढ्यात मोबाइलची दोन-तीन दुकानं बसतात. मेट्रोच्या खांबांचं काम सुरू झालं तेव्हा कर्वे रस्त्यावर गाडी लावणं अवघड झालं आणि लांबून येणारे येईनासे झाले. मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो धावायला लागली, तोवर आमचं शटर बंद होऊन दोन वर्षं होत आली होती. पोरं फोनवरच्या खेळांत गुंतली होती. मग लॉकडाउन. रिकाम्या बेसमेंटचं भाडं मालकाने काही महिने भरलं, पुढे त्यालाही जमलं नाही. ते टेबल एक टनाहून जड होतं. कापड फाडून काढलं, कुशन सोडवले आणि लाद्या एकेक करून त्या अरुंद जिन्यातून वर चढवल्या. मी तिथे नव्हतो. मामा होते.

आता खेळायला जागा नाही असं नाही. बाणेरला, विमाननगरला चांगले लाउंज आहेत. स्वच्छ, थंडगार, धूर नाही, मुली मोकळेपणी खेळतात. याचा मला खरंच आनंद आहे. पीवायसी, डेक्कन जिमखाना, पूना क्लब या क्लबांकडे चांगली टेबलं आहेत, पण ते सभासदांसाठी. गॅरेजमधला भाऊ तिथे कसा पोचणार? आणि लाउंजमध्ये फोनवर स्लॉट घ्यायचा, सात वाजता जायचं, आठ वाजता निघायचं. थांबावं लागत नाही, म्हणून कुणी कुणाचा खेळ बघत नाही. गेल्या महिन्यात मी भाच्याला घेऊन गेलो होतो. शेजारच्या टेबलावर एक मुलगी सुंदर खेळत होती. पांढरा असा सोडत होती की पुढचा गोळा हातात आणून ठेवल्यासारखा. मी भाच्याला म्हटलं, बघ जरा. उभं राहून बघायला जागाच नव्हती आणि आमची वेळही संपली होती.

आज घरी आल्यावर जुन्या मित्राकडून मामांचा नंबर मिळवला आणि फोन केला. मामा वारज्याला मुलाकडे असतात. टेबलांची कापडं बदलायची कामं अजून करतात, बंगल्यांतली, सोसायट्यांच्या क्लबहाउसमधली. इमारतीचं सांगितलं तर नुसतं "हो, कळलं" म्हणाले आणि विषय बदलला. मी त्यांना आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमधल्या पूल टेबलाबद्दल सांगितलं. कापड फाटलंय, क्यूच्या टोकांवरच्या टिपा उडाल्यात, खोलीला कुलूप आणि किल्ली वॉचमनकडे. लगेच आवाज बदलला.

"कितीचं आहे? सात की आठ?"

"आठ असावं."

"स्लेट आहे की प्लाय? खालून हात लाव. गार लागली तर स्लेट. प्लाय असेल तर खर्च करू नका, पैसे पाण्यात."

टेबलाखाली वाकून बघून आलो. स्लेट आहे. मामा गुरुवारी येतो म्हणालेत.

कमिटीला आत्ताच अर्ज लिहिला. कापड आणि टिपांचा खर्च, खोली संध्याकाळी सहा ते दहा उघडी ठेवणं, वॉचमन, माळी आणि घरकामाला येणाऱ्यांच्या मुलांनाही खेळू देणं, स्लॉट नको, दाराशी एक पाटी, आणि भिंतीलगत एक बाक. तिसऱ्या मुद्द्यावर वाद होणार हे दिसतंय. सेक्रेटरींना उद्या सकाळी प्रत्यक्ष भेटून बोलतो.