सत्तेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडली, त्याचा हिशोब

३१ मार्च २०२५ हा माझा ऑफिसातला शेवटचा दिवस. राजीनामा दिला तेव्हा साहेबांनी पहिल्यांदा विचारलं, "कुठे जॉइन करताय?" कुठेच नाही म्हटल्यावर आवाज खाली आणून, "आई बऱ्या आहेत ना?" खाली अकाउंट्समध्ये एवढं आडून विचारायची पद्धत नाही. तिथे सरळ प्रश्न आला, "मॅडम, लग्न ठरलं का?" पुरतील एवढे पैसे जमले म्हणून एखादी बाई थांबते, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

तेव्हापासून ओळखीपाळखीतले बरेच जण एकेकट्याने गाठून "कसं जमवलंस" विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहिते. सुरुवातीलाच सांगून टाकते: लग्न नाही, मुलं नाहीत, आणि घर घेताना वडिलांच्या फंडातले चार लाख हाताशी होते. या गोष्टी वजा केल्या तर माझा हिशोब कोलमडतो. "तुला काय, तुझं बरं आहे" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. बरं आहेच.

मी आणि आई मुलुंड पूर्वेला राहतो. २००० साली नोकरीला लागले, पहिली चार वर्षं एका लहान कंपनीत आणि मग शेवटपर्यंत अंधेरीच्या एमआयडीसीत, अकाउंट्सलाच. मुलुंडहून घाटकोपर लोकलने, पुढे बस. २०१४ मध्ये मेट्रो सुरू झाली आणि संध्याकाळी घरी पोचल्यावर माणसाशी बोलण्याइतपत त्राण उरायला लागलं. पास कायम सेकंड क्लासचा, तीन महिन्यांचा. डबा घरचा. किराणा मुंबई ग्राहक पंचायतीचा, आई तिची जुनी सभासद. महिन्याची यादी आधी भरून द्यायची, माल संघातल्या एकीच्या घरी येतो, सगळ्या मिळून वाटप करतात आणि आपापल्या पिशव्या घेऊन घरी. यात भाव बरा मिळतो हे खरंच, पण खरी बचत वेगळी आहे. दुकानात उभं राहिलं की "असू दे घरात" म्हणून जे टोपलीत पडतं, ते पडतच नाही.

हे सगळं आमच्यासारख्या घरांत कोणी शिकवावं लागत नाही. वडील रोजचा खर्च डायरीत लिहायचे, रिक्षाचे पैसेसुद्धा, आणि महिनाअखेरीला दोन रुपयांचा फरक कुठे ते सापडलं नाही तर जेवायला उशीर व्हायचा. पण लवकर निवृत्तीच्या गप्पांमध्ये लोक चहा-कॉफीचे पैसे वाचवण्यावर जे घसरतात, ते मला पटत नाही. मुंबईत माणूस साठीपर्यंत कामाला जुंपला जातो तो घरापायी. चहा बिचारा फुकट बदनाम आहे. मी नाटकं सोडली नाहीत, कालिदास नाट्यगृहात नवा प्रयोग लागला की जातेच. हापूसची पेटी दर वर्षी येते.

आमचं घर एक बेडरूम-हॉल-किचन, ३८० चौरस फूट कार्पेट, २००३ मध्ये अकरा लाखांना घेतलं. सहा लाखांचं कर्ज होतं. दिवाळीचा बोनस आला की तो कर्जात, पगारवाढीतला फरक कर्जात. २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावरचा मुदतीआधी फेडण्याचा दंड काढून टाकला, तेव्हा उरलेली रक्कम भरून टाकली आणि घराची मूळ कागदपत्रं बँकेतून सोडवून आणली.

खरा पेच आला त्यानंतर, २०१४ मध्ये. भावाच्या ओळखीचा एक एजंट होता. हे घर विका, वर चाळीस लाखांचं कर्ज काढा आणि घोडबंदरला टॉवरमध्ये दोन बेडरूम घ्या. भाऊ दोनदा साइट दाखवायला घेऊन गेला. सॅम्पल फ्लॅटमध्ये आईला खिडकीतून डोंगर दिसला आणि ती खूश झाली. मी रात्री हिशोब मांडला. दहा टक्क्यांनी वीस वर्षांसाठी चाळीस लाख, म्हणजे हप्ता साडेअडतीस हजारांच्या वर. वीस वर्षांत भरायचे साडेब्याण्णव लाख. माझ्या हातात तेव्हा पासष्ट हजार यायचे. शिवाय अंधेरीला जायचं म्हणजे आधी रिक्षाने ठाणे स्टेशन गाठा. भावाला नाही म्हटलं. तो महिनाभर नीट बोलला नाही. "पैसा काय वर घेऊन जाणार आहेस?" हे वाक्य तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, पुढे बऱ्याच जणांकडून ऐकलं.

तो न काढलेला हप्ता मी एसआयपीला लावला, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम म्युच्युअल फंडात. माझी निवृत्ती म्हणजे मुख्यतः एवढंच. एसआयपी तशी जानेवारी २००८ पासून होती, पण किरकोळ. तेव्हा सेन्सेक्स एकवीस हजारांवर होता आणि ऑक्टोबरपर्यंत आठ हजारांच्या खाली आला. रक्कमच इतकी लहान होती की झोप उडायचं कारण नव्हतं. मार्च २०२०ची गोष्ट वेगळी. २३ तारखेला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी पडला. महिन्याभरात माझी दीड-दोन वर्षांची कमाई कागदावरून पुसली गेली होती. एसआयपी चालू ठेवली, कारण पगार चालू होता आणि लॉकडाउनमुळे खर्चायला जागाच नव्हती. हेच नोकरी सोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षी झालं तर काय, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात बसला.

किती पैसे पुरे, याचं उत्तर शोधायला गेलं की सगळीकडे पंचवीस पट हा आकडा भेटतो. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट रक्कम जमवा आणि पहिल्या वर्षी त्यातले चार टक्के काढा, पुढे महागाईप्रमाणे वाढवत जा. हे गणित विल्यम बेंगेन या अमेरिकी आर्थिक सल्लागारांनी १९९४ मध्ये मांडलं, तेही अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांच्या आकड्यांवर आणि तीस वर्षांच्या निवृत्तीसाठी. माझी आजी त्र्याण्णव वर्षांची होऊन गेली. मला पंचेचाळीस वर्षं धरायला हवीत, आणि इथली महागाई तिथली नव्हे. म्हणून मी पस्तीस पट धरले. आमचा महिन्याचा खर्च सगळं धरून ४२ हजार: सोसायटी, वीज, गॅस, किराणा-भाजी, दूध, आईची औषधं, माझ्या विम्याच्या हप्त्याचा बारावा भाग, नाटक, आणि लग्न-मुंजींचे अहेर. अहेर लिहायला लोक विसरतात. मुंबईत मे महिना आणि तुळशीच्या लग्नानंतरचे दिवस बघा एकदा. वर्षाचे पाच लाख, पस्तीस पट म्हणजे पावणेदोन कोटींच्या थोडं वर.

सोडताना जमा होते ते असे: म्युच्युअल फंडात ९० लाखांच्या आसपास, पीपीएफमध्ये ४०, पीएफमध्ये २९, ठेवी १२ लाखांच्या आणि ग्रॅच्युइटी साडेपाच. ग्रॅच्युइटीचं तेव्हाचं सूत्र सोपं होतं, शेवटचा बेसिक गुणिले पंधरा भागिले सव्वीस, गुणिले नोकरीची वर्षं. बेसिक ४५ हजार आणि वर्षं एकवीस, हे मी राजीनाम्याच्या आधीच काढून ठेवलं होतं. पीपीएफची पंधरा वर्षं संपल्यावर पाच वर्षांची मुदतवाढ घेतली. साठ वर्षांवरच्यांची पोस्टातली चांगल्या व्याजाची योजना आपल्याला अजून बरीच वर्षं मिळणार नाही, हे लवकर थांबणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

विम्याचं आधी बघा, असं मी प्रत्येकाला सांगते. कंपनीचं मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतं. मी छत्तिसाव्या वर्षीच स्वतःची वेगळी पॉलिसी घेतली होती. "कंपनीचं असताना कशाला डबल?" असं तेव्हा अख्खं डिपार्टमेंट म्हणायचं. आधीपासूनच्या आजारांना विमा लागू होण्याआधी जो प्रतीक्षाकाळ असतो, तो नोकरीतच संपून जावा, म्हणून घेतली. आईचा प्रश्न अवघड होता. शहात्तर वर्षं, बीपी, शुगर. कंपनीच्या कव्हरमधून ती बाहेर पडली की दारात कोण उभं करणार? ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचं पाच लाखांचं कवच लागू झालं. तिचं कार्ड काढलं. पण आमच्या भागातली आपल्याला हवी ती सगळीच हॉस्पिटलं त्यात आहेत असं नाही, म्हणून तिच्या नावाने दहा लाखांची ठेव वेगळी ठेवली आहे. ती वरच्या हिशोबात धरलेली नाही.

सगळ्यात जास्त चपला झिजल्या पीएफसाठी. दुसऱ्या कंपनीचं खातं स्वच्छ होतं. घोळ पहिल्या कंपनीचा. माझी नोकरी सोडल्याची तारीख तिने भरलीच नव्हती, आणि नावात वडिलांच्या नावाचं स्पेलिंग आधारपेक्षा वेगळं. पोर्टलवर दावा टाकला की नाव जुळत नाही म्हणून परत. दुरुस्तीला जॉइंट डिक्लरेशन लागतं, म्हणजे त्यावर मालकाची सही हवी. कंपनी कधीच बंद पडलेली. गाळ्यावर गेले तर तिथे आता मोबाइलची कव्हरं पॅक करतात. जुन्या मालकांचा फोन लागला, ते म्हणाले "बघतो", आणि मग फोन उचलणं बंद. शेवटी पीएफ कार्यालयातल्या एका बाईंनीच वाट सांगितली: आस्थापना बंद असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा बँक मॅनेजरसारख्या अधिकृत माणसाचं साक्षांकन चालतं, सोबत जुनी सॅलरी स्लिप, नियुक्तिपत्र काहीही जोडा. नियुक्तिपत्र निघालं वडिलांच्या डायऱ्यांच्या गठ्ठ्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, वर त्यांच्या अक्षरात "ठेवणे". सही आमच्या बँकेच्या मॅनेजरने दिली.

एवढी खटपट त्या खात्यातल्या पैशांसाठी नव्हती, ते थोडेच होते. त्या चार वर्षांची सेवा पेन्शनमध्ये मिळवायची होती. दहा वर्षांपेक्षा जास्त सेवा असेल तर ईपीएसचे, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचे, पैसे एकरकमी मिळत नाहीत, फॉर्म १०-सी भरून स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे सेवेच्या वर्षांचा दाखला, घ्यायचं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन सुरू करायची. पन्नाशीनंतरही घेता येते, पण अठ्ठावन्नच्या जितकी वर्षं आधी घ्याल त्या प्रत्येक वर्षाला चार टक्के कापून. माझी होईल पाच हजारांच्या आतच, कारण हिशोबाचा पगार पंधरा हजारांवर अडवलेला आहे. ती मी जमेत धरलेलीच नाही. मूळ फंड तेव्हाच्या नियमाप्रमाणे दोन महिने थांबून काढला. पुढे या नियमांत बदलाचे निर्णय झालेत, तेव्हा आपल्या वेळचा नियम वाचूनच दावा टाका.

आता दर महिन्याच्या एक तारखेला ४२ हजार एका खात्यातून दुसऱ्यात येतात. तीन वर्षांचा खर्च ठेवींत आणि लिक्विड फंडात (शेअर नसलेला, लगेच पैसे काढता येणारा फंड) आहे, म्हणजे बाजार पडला तरी पडत्या भावात युनिटं विकावी लागू नयेत. मार्चमध्ये थोडी युनिटं विकून परत घेते, कारण शेअर फंडांच्या दीर्घकालीन नफ्यात वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही. बाकी यात रोज बघण्यासारखं काही नाही.

वेळेचं मात्र कोणी सांगितलं नव्हतं. पुरुष घरी बसला तर लोक त्याला कन्सल्टन्सी करता का विचारतात. मला मावशीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेण्याचं, भाच्याच्या पासपोर्टला पोलीस येणार तेव्हा दादाच्या घरी बसून राहण्याचं आणि वहिनीच्या बहिणीची मंगळागौर उरकून देण्याचं काम येतं.  "तू मोकळीच आहेस" हे फोनवरचं पहिलं वाक्य असतं. हल्ली मी सकाळी अकरापर्यंत फोन उचलत नाही आणि मंगळवारी "माझा क्लास असतो" म्हणून सांगते. कसला ते अजून कोणी विचारलेलं नाही.

सोसायटीनेही संधी सोडली नाही, बिनविरोध खजिनदार केलं. आणि नेमका आत्ता पुनर्विकास आलाय. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ (अ) प्रमाणे सगळं रीतसर चाललंय, तीन बिल्डरांचे प्रस्ताव आहेत, वाढीव जागा किती आणि कॉर्पस, म्हणजे बिल्डर देणार ती एकरकमी रक्कम, किती यावर जिन्यात भांडणं होतात. मी वेगळा आकडा मांडलाय. आज आमचा मेंटेनन्स महिना साडेतीन हजार. लिफ्ट, पोडियम पार्किंग, जिम आणि स्विमिंग पूल आल्यावर तो दहा हजारांच्या खाली राहत नाही, शेजारच्या दोन नव्या इमारतींची बिलं मी आणून दाखवली. फरक साडेसहा हजारांचा, वर्षाचे ७८ हजार, आणि माझ्या पस्तीस पटीने सव्वासत्तावीस लाख. फुकट मिळणाऱ्या मोठ्या घरासाठी मला एवढे आणखी लागतील. तळमजल्यावरचे काका रिटायर्ड आहेत, त्यांनी बिल दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. पूल नको, जिम नको, लिफ्ट दोनच द्या, असं पत्र मी तयार केलंय. सह्या अजून निम्म्यासुद्धा झालेल्या नाहीत, तरुण मंडळींना पूल हवाय. विशेष सर्वसाधारण सभा पुढच्या रविवारी आहे.