चंदगड ते बेळगाव: लेकीचं नाव अंगणवाडीत लागेपर्यंत

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. माझं माहेर महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात आणि सासर कर्नाटकात, बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात. मधे बाची आणि शिनोळी. सीमा तिथं आहे हे आम्हाला पाटी बघूनच आठवतं. लेक तिकडं झाली, तिथल्याच अंगणवाडीत नाव लागलं, लसी आणि वजनं तिकडंच. माझ्या दुखण्यामुळं सव्वा वर्ष तिथं राहिले. परत येताना लेकीचं नावही इकडं आणायचं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

मी काजू फॅक्टरीत सोलायला जाते, किलोवर पैसे मिळतात. सासूबाई शेतात, रताळी काढायच्या दिवसांत तर अंधार पडेपर्यंत. म्हणून पोरगी माझ्याबरोबर यायची. काजूच्या टरफलातलं तेल कातडीला लागलं की भाजल्यासारखं होतं. फोडायला बसणाऱ्या बायका आधी हाताला राख चोळतात. एक दिवस पोरीनं टरफल उचललं आणि तोच हात गालाला लावला. दुसऱ्या दिवशी गालावर काळा डाग, आणि वरचं कातडं पापुद्र्यासारखं सुटलेलं. त्या रात्री ठरवलं, हिला परत तिथं न्यायचं नाही. खासगी नर्सरीत विचारून आले. महिन्याला 1,200, व्हॅनचे वेगळे. म्हणजे माझी सहा दिवसांची मजुरी.

तीन वर्षं पूर्ण झाल्यावर गावच्या अंगणवाडीत गेले. टीचर आमच्याच आळीतल्या, रजिस्टर कन्नडमध्ये भरतात, मुलांशी मराठीत बोलतात. त्यांनी मोबाईलवर पोषण ट्रॅकर, म्हणजे अंगणवाडीतल्या मुलांची नोंद ठेवायचं सरकारी ॲप, उघडलं, माझा आधार नंबर घातला आणि म्हणाल्या, "वैनी, हिचं नाव तिकडं चालू दिसतंय. दोन ठिकाणी लागत नाही." वर ओटीपी गेला माझ्या भावाच्या फोनवर, कारण माझ्या आधारला लग्नाआधीचा घरचाच नंबर होता.

टीचरनी तालुक्याच्या ऑफिसात विचारायला सांगितलं. तिथल्या टेबलावरच्या माणसानं कागद न बघताच सांगितलं, "महाराष्ट्राची केस आहे, तिकडं जावा." मुलगी इथं राहते, रेशन कार्ड इथलं, बाप इथला, हे मी तीनदा सांगितलं. त्याला मराठी कळत होतं. मला त्या दिवशी रडू आलं, आणि दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच.

मग माहेरी गेले. बसमध्ये बाकीच्या बायकांना झीरो तिकीट, म्हणजे कर्नाटकातल्या बायकांचा फुकट प्रवास, आणि मला पैसे, कारण आधारवर पत्ता महाराष्ट्राचा. तिथल्या अंगणवाडी ताईंनी मात्र पाच मिनिटांत उलगडा केला. त्या म्हणाल्या, "नाव काढून टाका असं कुणाला सांगू नको. काढलं तर मागची वजनं जातील. नाव काढायचं नाही, बदलायचं. दुसऱ्या राज्यातसुद्धा पाठवता येतं." त्यांनी आमच्या टीचरना फोन लावला. एक चंदगडी मराठीत, दुसरी बेळगावी मराठीत, दोघींनी आपापल्या मोबाईलवर काय दिसतंय ते एकमेकींना वाचून दाखवलं. भाऊ शेजारी फोन धरून ओटीपीची वाट बघत उभा होता. दहा दिवसांनी नाव इकडं आलं, जन्मापासूनच्या वजनांसकट. मधल्या काळात पोस्टात जाऊन आधारचा मोबाईल नंबर आणि पत्ता दोन्ही बदलून घेतलं.

ह्या खटपटीत मी बरंच वाचलं, विचारलं. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं 6 महिने ते 6 वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून फुकट आहार हा हक्क दिलाय. आहाराच्या खर्चात निम्मा वाटा केंद्राचा, निम्मा राज्याचा. मूल सीमेच्या अलीकडं आलं की कुठल्या राज्यानं वाटा उचलायचा एवढंच बदलतं, मुलाचा हक्क बदलत नाही. हे टेबलावरच्या माणसाला माहीत असायला हवं होतं. एका मुलामागे दिवसाला 8 रुपये हा दर 2017 साली ठरला. आजच्या बाजारात 8 रुपयांत काय येतं, हे कुठल्याही आईला विचारा. तरी आमच्या टीचर त्यातच भागवतात, आणि माझ्या नर्सरीच्या 1,200 रुपयांचं काम करतात. त्यांचं मानधन वाढायलाच पाहिजे.

अजून एक. लेकराचं आधार नाही म्हणून कुणी परत पाठवलं तर ऐकू नका. आईच्या आधारवर चालतं. फक्त त्याला चालू मोबाईल नंबर जोडलेला असू द्या.

अंगणवाडी चारला सुटते, फॅक्टरी साडेपाचला. तो दीड तास अजून सुटलेला नाही. सध्या शेजारची आजी आणते, रताळ्याच्या दिवसांत पुन्हा प्रश्न येणार. लहान लेकरांसाठी काही पंचायतींनी 'कूसिन मने' नावाचं पाळणाघर काढलंय, मुख्यतः रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांसाठी. आमच्या पंचायतीत नाही. त्यासाठी आम्ही बायकांनी अर्ज दिलाय, सव्वीस सह्या आणि चार अंगठे.

माझी नणंद पुढच्या आठवड्यात बाळंतपण करून कागलहून परत येतेय. तिला कालच फोन करून सांगितलं, गाडीत बसायच्या आधी तिथल्या ताईंना भेट आणि बाळाचं नाव इकडं पाठवायला सांग.