"ढिलं सोडा" म्हणण्याआधी

"बायका तपासणीला येत नाहीत, लाजतात, अवेअरनेस नाही" हे प्रत्येक कॅन्सर शिबिरात ऐकू येतं आणि दरवेळी मला राग येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या फक्त १.९ टक्के बायकांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी कधीतरी केलेली होती. सोय नाही, पैसे नाहीत, घरातून वेळ मिळत नाही हे सगळं आहेच, पण जिच्या शरीरावर आधी कधी जबरदस्ती झालीय तिला तपासणीचं ते टेबलच नको वाटतं, हे कुठल्या फॉर्मवर लिहिलेलं नसतं.

माझी एक मैत्रीण चांगली शिकलेली, पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन करतात ती तपासणी) काय असतं ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. लहानपणी नात्यातल्याच एकाने तिच्यावर अत्याचार केले होते. पहिल्यांदा तपासणीला गेली तर पाय वर घेऊन आडवं झोपवलेलं, वरून लाईट, मध्येच कुणीतरी फाईल न्यायला पडदा सारून आत, आणि स्पेक्युलम (आतलं दिसावं म्हणून योनीमार्ग उघडा ठेवणारं उपकरण) घालताना तिचं अंग आक्रसलं तर सिस्टर म्हणाल्या, "अहो ढिलं सोडा ना, लग्न झालंय ना तुमचं?" त्यानंतर कित्येक वर्षं ती कुठल्याच गायनॅककडे फिरकली नाही. अंग आक्रसणं हा हट्ट नाही हो! भीतीने स्नायू आवळतात, आवळले की जास्त दुखतं, दुखलं की अजून आवळतात.

पुढे एक डॉक्टर भेटल्या त्यांनी आधी खुर्चीत बसवून बोलून घेतलं, दाराला आतून कडी लावली, लहान साईजचा स्पेक्युलम घेतला आणि म्हणाल्या हात वर केलास की मी थांबणार. तिने केला, त्या खरंच थांबल्या. मग तिनेच सांगितलं, आता करा. एवढंच लागतं, आणि याला पैसेही लागत नाहीत.

आणि एचपीव्ही टेस्ट, म्हणजे हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्याची टेस्ट, तर आपल्याच उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांच्या अभ्यासात तपासली गेलीय. २००९ मध्ये निकाल आला, एकदाच टेस्ट झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे. या टेस्टचं सॅम्पल बाईला स्वतःच्या हाताने, बाथरूमचं दार लावून, स्वॅबने घेता येतं, जागतिक आरोग्य संघटनेलाही ते मान्य आहे. पॉझिटिव्ह आली तर पुढची तपासणी टेबलावर करावीच लागते, पण निदान पहिली पायरी तरी तिच्या हातात राहील. शिबिरं घेणाऱ्यांनो, हे किट ठेवा ना प्लीज.