न्हाणीघराचा रंग ठरवताना

बैठकीच्या खोलीसाठी रंग निवडताना चारही भिंती आपल्या हाती असतात. न्हाणीघरात तसे नसते. तिथे टाइल्स, कमोड, बेसिन आणि नळ आधीच ठरून गेलेले असतात आणि रंगासाठी उरते ती टाइल्सच्या वरची पट्टी, छत आणि दरवाजाची आतली बाजू. आई-बाबांच्या ठाण्यातील फ्लॅटचे न्हाणीघर रंगवायचे ठरले, तेव्हा एवढ्याशा जागेला पांढरा देऊन टाकावा, असे रंगाऱ्यांनी सुचवले. पाच बाय सात फुटांची खोली, साडेनऊ फूट उंची आणि सात फुटांपर्यंत टाइल्स असा हिशेब केला, तर भिंतींची पट्टी ६० चौरस फूट आणि छत ३५ चौरस फूट भरते, म्हणजे दोन हातांना साधारण लिटरभर रंग पुरतो. मला मात्र वाटले की जागा लहान असल्यामुळेच येथे अधिक काळजीने विचार करायला हवा, कारण हा रंग चारही बाजूंनी डोळ्यांच्या अगदी जवळ असतो आणि एवढ्या कमी मापात चांगल्या प्रतीचा रंग सहज परवडतो.

पांढरा हा एकच रंग नसतो, हे टाइल्सशेजारी उभे राहिल्यावर लगेच कळते. आमच्या टाइल्स बदामी आहेत, सुस्थितीत आहेत आणि त्या बदलण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्यावर निळसर झाकेचा शुभ्र पांढरा आला की त्या कितीही घासल्या तरी मळकट वाटतात. तोच पांढरा किंचित पिवळसर घेतला तर त्याच टाइल्स स्वच्छ आणि उबदार दिसतात. मिशेल यूजीन शेव्रल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख असताना तिथल्या काळ्या रंगात दम नसल्याची तक्रार त्यांच्याकडे आली. दोष रंगात नसून शेजारच्या रंगांमुळे नजरेवर होणाऱ्या परिणामात आहे, असे त्यांना आढळले आणि १८३९ मध्ये त्यांनी हा नियम ग्रंथरूपाने मांडला. जुन्या टाइल्स ठेवून रंग निवडणाऱ्या प्रत्येकाला तो लागू पडतो. म्हणून शेड कार्ड दुकानात न पाहता न्हाणीघरात नेऊन टाइलला टेकवून पाहावे, आणि त्याआधी टाइलशेजारी कोरा पांढरा कागद धरावा. टाइल पिवळ्याकडे झुकते, गुलाबीकडे की हिरव्याकडे, हे त्या कागदाशेजारी स्पष्ट होते.

यानंतरचा प्रश्न उजेडाचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा हाच आहे. मुंबई-ठाण्यातील कितीतरी इमारतींत न्हाणीघराची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे नळ्यांसाठी सोडलेल्या अरुंद पोकळीत उघडते. तिथे आकाशाचा उजेड थेट पोहोचत नाही. समोरच्या सिमेंटच्या भिंतीवरून परतलेला राखाडी प्रकाश दुधी काचेतून कसाबसा आत येतो. त्यामुळे भर दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो, आणि म्हणून रंगही दिव्याच्या प्रकाशातच ठरवला पाहिजे. एलईडी दिवे साधारणपणे ३०००, ४००० आणि ६५०० केल्विन अशा रंगतापमानांचे मिळतात. आपल्याकडे घरोघरी दिसणारा पांढराशुभ्र दिवा ६५०० चा असतो. त्याच्या निळसर प्रकाशात बदामी आणि अबोली यांसारख्या छटा निस्तेज पडतात आणि राखाडी रंग अधिकच थंड वाटतो. ३००० च्या पिवळसर प्रकाशात याउलट आकाशी रंगाची टवटवी जाते. आम्ही आधी ४००० केल्विनचा दिवा बसवला आणि मगच रंग पाहायला सुरुवात केली. काही दिव्यांच्या खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडाही छापलेला असतो. तो ९० च्या आसपास असेल तर भिंतीचा रंग आणि आरशातील चेहरा, दोन्ही अधिक खरे दिसतात.

शेड कार्डावरचा चौकोन दोन बोटांएवढा असतो. तोच रंग भिंतभर पसरला की गडद भासतो. न्हाणीघरात हा परिणाम आणखी वाढतो, कारण समोरासमोरच्या भिंती जवळ असतात. एका भिंतीवरून परतलेला रंगीत प्रकाश दुसरीवर पडतो, तिथून पुन्हा पहिलीवर येतो आणि प्रत्येक फेरीत रंग अधिक दाट होत जातो. त्यामुळे कार्डावर जी छटा आवडेल, तिच्याहून एक-दोन पायऱ्या फिकी छटा घेणे योग्य ठरते. काही कंपन्या प्रत्येक छटेचा एलआरव्ही, म्हणजे ती किती प्रकाश परत पाठवते याचा ० ते १०० मधील आकडा देतात. डक्टकडच्या या खोलीसाठी मी ७० च्या वरचेच रंग विचारात घेतले.

नमुन्याचा लहान डबा आणून जाड पुठ्ठ्यावर दोन हात मारावेत आणि तो पुठ्ठा छतालगत धरून सकाळी, दुपारी आणि रात्री पाहावा. जुन्या भिंतीवरच नमुना लावला तर भोवतालचा जुना रंग नजरेची दिशाभूल करतो. शिवाय रंग पूर्ण सुकू द्यावा, कारण इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग, ओले असताना फिके दिसते आणि सुकल्यावर गडद होते.

आईला पिस्ता रंग मनापासून आवडला होता आणि कार्डावर तो खरोखरच सुंदर दिसत होता. परंतु लहान खोलीत भिंतींवरून परतणारा प्रकाशच चेहऱ्यावर पडतो. हिरवट भिंतींमध्ये चेहरा आजारी दिसतो, तर अबोलीच्या किंवा फिकट केशरी झाकेमुळे तो तजेलदार दिसतो. पुठ्ठे पाहिल्यावर शेवटी आईनेच अगदी फिकट अबोली निवडली आणि पिस्ता कपडे वाळवण्याच्या गॅलरीला दिला. छतासाठी आम्ही त्याच अबोलीची आणखी फिकी छटा घेतली, कारण एवढ्या लहान खोलीत छत निराळ्या रंगाचे केले की ते खाली आल्यासारखे वाटते.

बाबांच्या बाबतीत विचार वेगळा होता. उतारवयात डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते, निळ्या-हिरव्या छटांमधला फरक कळेनासा होतो आणि फिकट रंगांच्या वस्तू एकमेकींत मिसळतात. बदामी टाइल्स, पांढरे कमोड आणि फिकट भिंत हे सारे आपल्याला नीटनेटके दिसते. वयस्कर माणसाला मात्र रात्री उठल्यावर कोणती वस्तू कुठे संपते, याचा अंदाज येत नाही. अशा वेळी कोणता रंग यापेक्षा फिके आणि गडद यांतला फरक महत्त्वाचा असतो. म्हणून लाकडी दरवाजाची आतली बाजू आणि चौकट आम्ही गडद आमसुली रंगाची केली, कमोडची बैठकही गडद रंगाची बसवली आणि आधाराचा दांडा टाइल्सवर उठून दिसेल असा निवडला. घरात वयस्कर माणसे असतील तर रंगसंगतीत सर्वांत आधी याचा विचार व्हावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

रंग कितीही विचारपूर्वक निवडला तरी ओल्या भिंतीवर तो टिकत नाही. संशय असेल तिथे प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दिवसभर ठेवावा. आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येत आहे आणि वरच्या मजल्यावरची गळती थांबेपर्यंत रंगकाम हाती घेऊ नये. छताच्या कोपऱ्यातील काळ्या ठिपक्यांची बुरशी ब्लीचच्या पातळ द्रावणाने मारून, धुऊन, सुकवून मगच लांबी, म्हणजे भिंत सपाट करणारी पुट्टी, भरावी. ब्लीच आणि कमोड साफ करण्याचे आम्ल यांचा संबंध येऊ देऊ नये, कारण त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. लांबी पांढऱ्या सिमेंटची घ्यावी. डिस्टेंपर वाफेने सुटते, आणि पांढरा ऑइल पेंट कमी उजेडाच्या खोलीत पिवळा पडतो. बुरशीरोधक, किंचित चमक असलेले इमल्शन भिंतींना योग्य ठरते. फार चकचकीत घेतले तर लांबीचा प्रत्येक उंचसखलपणा दिसतो. गडद निळा किंवा काळपट राखाडी रंग मासिकांतल्या छायाचित्रांत देखणा वाटतो, पण बोअरचे पाणी असेल तिथे त्यावर क्षारांचे पांढरे डाग उठून दिसतात.

जुना रंग घासताना तो ओला करून घासावा. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात २०१६ मध्ये झाले आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. त्याआधीच्या ऑइल पेंटच्या थरांत, विशेषतः पिवळ्या, केशरी आणि लाल रंगांत, शिसे असण्याची शक्यता असते आणि कोरडे घासल्यास त्याची धूळ घरभर पसरते.

शेडचा क्रमांक, इमल्शनचा प्रकार आणि दुकानातील यंत्राची चिठ्ठी मी घराच्या फाइलला लावून ठेवली आहे, म्हणजे पुढे एखादी नळी बदलण्यासाठी प्लंबरला भिंत फोडावी लागली, तर तेवढाच भाग त्याच रंगात पुन्हा रंगवता येईल.