केस पेपरवरची वेळ

आमच्यासह काही रुग्णालयांनी मिळून प्रत्येक अपघातग्रस्ताची माहिती एकाच नमुन्यात भरायची आणि दर महिन्याला आकडे शेजारी ठेवून उशीर कुठे होतो ते शोधायचं, असं ठरलं. एथिक्स कमिटी, ट्रेनिंग पार पडलं. अडलो ‘आगमनाची वेळ’ या रकान्यात.

आमच्याकडे केस पेपर खिडकीवर निघतो. रुग्ण ट्रॉलीवरून कॅज्युअल्टीत पोचलेला, नातेवाईक आधार कार्ड शोधत रांगेत. कागदावर छापली जाते ती रांग संपल्याची वेळ. सोबत कुणीच नसलेल्या ‘अननोन’चा पेपर तर त्याहून उशिरा. पहिल्याच बैठकीत दुसरीकडच्या एका सर्जननी विचारलं, “सिस्टर, तुमच्याकडे पेशंट यायच्या आधीच सीटी स्कॅन होतो का?”

रेकॉर्ड सेक्शनचं पालुपद एकच: “मॅडम, वेळ सिस्टीम घेते.” शेजारी एक रकाना वाढवा म्हटलं, तर “वरून मंजुरी आणा.” वरचे म्हणाले, प्रस्ताव रेकॉर्डकडूनच यायला हवा. आजही आठवलं की डोकं फिरतं. मंजुरी अजून आलेली नाही.

मिनिटांसाठी एवढा हट्ट का? रक्तस्रावात ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड हे रक्त थांबवणारं औषध दुखापतीपासून ३ तासांच्या आत द्यायचं असतं. २०,००० हून अधिक रुग्णांच्या क्रॅश-२ चाचणीतून ते दिसलं. १०८ च्या कागदावर कॉलची वेळ असते. आमचीच वेळ खोटी असेल, तर उशीर वाटेत झाला की दारात, कळणार कसं?

२०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘टिटको’ या अपघातग्रस्तांच्या नोंदींच्या प्रकल्पात सायन, केईएम, दिल्लीचं एम्स ट्रॉमा सेंटर आणि कोलकात्याचं एसएसकेएम होतं. तिथे रुग्णाजवळ थांबून नोंदी घेणारी माणसं नेमली होती. आमच्याकडे होते दारावरचे मामा. ट्रॉली आत घेताच ते मायक्रोपोरच्या पट्टीवर वेळ लिहून मनगटाला चिकटवू लागले. शर्टाला नको, शर्ट कापला जातो. घड्याळही एकच धरा. आमच्या सीटी मशीनचं पुढे होतं.

आणि हो, सगळ्या पेपरांवर श्वासाचा दर २० दिसला, तर तो कुणी मोजलेलाच नाही असं समजा. जीसीएस, म्हणजे रुग्ण किती शुद्धीवर आहे त्याचे गुण, श्वासाची नळी घालण्याआधीच लिहून घ्या.

पट्टी सुरू झाल्यावर आमचे आकडे सगळ्यांत वाईट निघाले. साहेब चिडले, मी मनातून खूश. उशीर सीटीच्या पावतीच्या खिडकीवर होतो, हे आता सगळ्यांना दिसत होतं! गंभीर रुग्णाचं सीटी आधी, पावती मागाहून, असं तिथेच ठरलं. असा निर्णय लेखीच घ्या, रात्रपाळीचा क्लार्क तोंडी काही ऐकत नाही.