मांडवातलं झुंबर आणि तारेवरचा ताण

आमच्या गिरगावातल्या चाळीच्या गणपतीला यंदा ८० किलोचं झुंबर आलं. समोरासमोरच्या दोन खांबांत ४ मीटर अंतर. दोन्हीकडून ३ मिमीची साधी लोखंडी तार ओढून झुंबर मधोमध टांगायचं ठरलं होतं. "चाळीस-चाळीस किलो वाटून जातंय रे, ही तार शंभर सहज पेलते," डेकोरेटर काका म्हणाले. तार सरळ खाली सोडली असती तर ते खरंच होतं. पण ती तिरकी जाणार होती आणि खाली आरतीला पोरंटोरं उभी राहणार होती. मी वही काढली.

वजन ८० गुणिले ९.८१ (गुरुत्वाकर्षणाचा आकडा), म्हणजे ७८५ न्यूटन. टेप लावला तर झुंबराची कडी खांबांवरच्या हुकांपेक्षा जेमतेम अर्धा मीटर खाली येत होती; हा झाला उतार. एका तारेची लांबी २.०६ मीटर. साइन-कोसाइन न लावताही ताण निघतो: निम्मं वजन गुणिले तारेची लांबी, भागिले उतार. उत्तर सुमारे १,६२० न्यूटन, म्हणजे प्रत्येक तारेवर चाळीसऐवजी १६५ किलोंची ओढ! तारेचं क्षेत्रफळ ७.०७ चौरस मिमी, म्हणून स्ट्रेस, म्हणजे दर चौरस मिमीवरची ओढ, २२९ न्यूटन. अशा साध्या लोखंडाची (माइल्ड स्टीलची) यील्ड, म्हणजे ज्यापुढे तार कायमची ताणली जाते तो स्ट्रेस, २५० च्या आसपास धरतात. म्हणजे वाव जवळपास नाहीच. शिवाय खांब आतल्या बाजूला १६० किलोंनी ओढले जाणार, ते वेगळंच.

काकांना वही दाखवली. "मग जाड तार आणू," ते म्हणाले. आणलीच, ४ मिमीची; पण खरा फरक कोनाने पडतो. वर आडवा पाइप टाकून (तो वाकणार नाही ना, हेही तपासून) हुक १ मीटरच्या अंतरावर घेतले. उतार तोच अर्धा मीटर, पण कोन ४५ अंश झाला. ताण ५५५ न्यूटनवर आला, स्ट्रेस ४४ वर. यील्डपर्यंत पाचपटीहून जास्त वाव. माणसांच्या डोक्यावर टांगताना मला तेवढा हवाच.

पीळ दिलेला वायर रोप वापरणार असाल तर व्यासावरून क्षेत्रफळ काढू नका. तारांमध्ये पोकळी असते, म्हणून उत्पादकाने दिलेला तुटण्याचा भारच धरा.

झुंबर चढवण्याआधी त्याच कडीला वाळूच्या गोण्या लावल्या, १६० किलोंच्या, आणि रात्रभर तशाच ठेवल्या. सकाळी काकांनीच टेप धरून उतार मोजला. फरक नव्हता.