अंडू चाललं, पण स्टॅक बदलावा लागला

मागच्या वेळी लिहिलं होतं की माझ्या पिक्सेल एडिटरमधलं (ठिपक्याठिपक्यांनी चित्र काढायच्या प्रोग्राममधलं) अंडू, म्हणजे केलेलं मागे घ्यायची सोय, होतच आलंय. कसलं काय! बटण दाबलं तरी चित्र ढिम्म. दोन रात्री घालवल्यावर दिसलं, की दर रेघेआधी मी स्टॅकवर (एकावर एक रचायची चळत, शेवटी ठेवलेलं आधी निघतं) चित्रातल्या रंगांची यादी असलेला तोच अ‍ॅरे पुश करत (वर ठेवत) होतो. कॉपी केलीच नव्हती, त्यामुळे वीस पायऱ्यांच्या चळतीत वीसही ठिकाणी आत्ताचंच चित्र.

क्लोन (खरी कॉपी) केल्यावर चाललं. पण २५६ बाय २५६ चं चित्र, पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे पायरीला २५६ केबी. शंभर पायऱ्यांना २५ एमबी, आणि तेही एखादा ठिपका मागे घ्यायला! म्हणून आता स्टॅकवर कमांड ऑब्जेक्ट, म्हणजे एका बदलाची नोंद, जातो: कुठला पिक्सेल, जुना रंग, नवा रंग. ती रेघ आहे की रंगभरणी, हे एडिटर विचारत नाही. वरची कमांड पॉप करतो (काढून घेतो), तिचं ‘उलटव’ बोलावतो आणि ती रीडूच्या (मागे घेतलेलं पुन्हा करायच्या) स्टॅकवर टाकतो. नवी रेघ मारली की रीडू रिकामा करायचा, हे अर्थातच विसरलो होतो.

जास्त डोकं खाल्लं ते जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या तयार स्टॅक क्लासने (क्लास म्हणजे डेटा आणि त्यावरची कामं एकत्र बांधलेला साचा). तो व्हेक्टर या यादीच्या क्लासपासून इनहेरिट होतो, म्हणजे त्याच्या सगळ्या सोयी वारशाने घेतो, त्यामुळे मध्येच घुसवणं, मधलंच काढणं, सगळं चालतं. हिस्ट्री पॅनेलच्या (केलेल्या कामांची यादी दाखवणाऱ्या भागाच्या) कोडमध्ये मीच कधीतरी मधली कमांड रिमूव्ह केली होती, कोड तपासणारा कंपायलर गप्प. आता ‘इतिहास’ हा माझा स्वतःचा क्लास. पोटात प्रायव्हेट, म्हणजे बाहेरून हात न लागणारा, दोन्ही टोकांनी घाल-काढ करता येणारा अ‍ॅरेडेक, बाहेर ‘नोंदव’, ‘मागे’, ‘पुढे’ आणि पॅनेलसाठी फक्त वाचायची यादी.

बदल केल्याबरोबर पॅनेलमधली यादी उलटी झाली! जुना स्टॅक फॉर लूपमध्ये (एकेक घटक क्रमाने घेताना) तळापासून वर येतो, अ‍ॅरेडेक माथ्यापासून खाली जातो. ताजं काम वर दिसतं ते मला बरंच वाटलं, तसंच ठेवलं. शंभराच्या वर गेलं की तळातली कमांड पोललास्टने (शेवटचा घटक काढणाऱ्या मेथडने) काढतो. कडक शिस्तीच्या स्टॅकमध्ये हे बसत नाही, पण ते क्लासच्या आतलं गुपित.

आता अडलंय ते ब्रशवर. एका ओढीत शेकडो ठिपके पडतात आणि अंडू एकेक ठिपका मागे घेतं. एका कमांडच्या पोटात अनेक कमांड ठेवून बघतोय. उलटवताना शेवटच्या ठिपक्यापासून सुरुवात करावी लागते. ब्रश एकाच पिक्सेलवरून दोनदा गेला असेल तर सरळ क्रमाने मधलाच रंग उरतो.